उभं राहून काढलेलं माप

जिनिंगचा पट्टा तुटला त्या दिवशी
धरणगावात कापूस दुपारपर्यंत थांबला.
रतिलालशेट म्हणाले, उचला रे हे मढं इथून.
मी दोन हात तुकडा मागून घेतला.
दीड सूत जाड, आत कापडाचे थर,
वास रबराचा आणि सरकीचा.

घरी वर्तमानपत्र पसरलं, बाजारभावाचं पान.
खुर्चीत बसल्या बसल्या पाय काढला.
तिथंच चुकलं.
बसलेला पाय खोटं बोलतो.
भार पडला की तो पसरतो,
बोटं आपापली जागा मागतात,
करंगळी कुंपणाबाहेर जाते.
हे मला पहिला जोड वाया गेल्यावर कळलं.

दुसऱ्यांदा उभा राहिलो.
पेन्सिल प्रमिलाने फिरवली. गुदगुल्या झाल्या.
हलू नका हो, म्हणाली, नाल ठोकत नाहीये मी.
डावा पाय उजव्यापेक्षा नखभर लांब निघाला.
इतकी वर्षं मी आठ नंबर मागत आलो,
दुकानदार एकाच मापाचे दोन देत आला,
आणि डावा अंगठा
मुकाट काळा पडत गेला.

तीन भोकं.
एक अंगठ्याच्या नि शेजारच्या बोटाच्या मध्ये,
दोन घोट्याखाली, जराशी मागं.
तापवलेला खिळा, पक्कड, धूर,
धुरावरून थोडी बोलणी.
वीस रुपयांची नाडी. बस्स.
ना टाच, ना गादी, ना कंपनीचं नाव.

चाललो तर रस्ता थेट तळव्यात आला:
खडी, बोराची आठोळी,
गटारीच्या झाकणाची नक्षी,
दुपारी साडेतीनचं डांबर.
आजवर मी या गावातून चाललो होतो
की गावावरून?

गाठ मात्र आठ दिवसांत झिजली,
अंगठ्याखालची, जमिनीला घासणारी.
स्टँडसमोर नाडी सुटली.
लंगडी घालत
दौलत अहिरेंच्या छत्रीखाली आलो.

त्यांनी चप्पल उलटी करून पाहिली. बराच वेळ.
"हाई कोनी बनाडी?"
मी.
"हौस?"
हो, हौसच.
ते हसले नाहीत.
"माले नही कोनी इचारं, हौस शे का म्हनीसन."
एवढंच. मग रापीच्या टोकानं
तळाला हरभऱ्याएवढा खड्डा कोरला,
गाठ त्यात बसवली. आता घासणार नाही.
पैसे विचारले तर रापी पुसत राहिले.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं.
डाव्यात तपकिरी, उजव्यात काळी,
दुरुस्तीला टाकून कुणी न्यायला न आलेल्या,
दोन्ही बोटभर मोठ्या.
गावाच्या चपला मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाचं माप
कुणी घेतलंच नव्हतं.

मी पिशवीतून कागद काढला.
ते नको म्हणाले. पुन्हा नको म्हणाले.
मग छत्रीची दांडी धरून उभे राहिले,
आणि मी खाली बसलो.
वर पाहिलं तर ते दुसरीकडे बघत होते,
चोपड्याच्या गाडीकडे.
टाचेवरून वळताना रेघ हलली.
माझा हात की त्यांचा पाय, कळलं नाही.

तो कागद आता वजनकाट्याच्या खणात आहे.
टाचेत मुगाचा भाव, चवड्यात केळीचा.
तुकडा तर कधीच संपला,
अर्धा माझ्या चुकांत, अर्धा माझ्या पायांत.
नवा पट्टा धडधाकट फिरतोय,
शेटनं भारी कंपनीचा आणलाय, पाच वर्षांची हमी.
मी गाड्या मोजतो, पावत्या फाडतो,
एक कान त्याच्याकडे ठेवून.

ज्याचं मीठ खातो त्याचं वाईट चिंतू नये.
पण आज सकाळी, आत कुठंतरी,
जरासं कर्र वाजलं.